कोठीवाल्यांचे विलायती पडदे

हे मले आत्ताच सांगायचं आहे. मास्तर घरी जेवायले गेले, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कोणी नाही, आणि ते नवीन मराठी मशीन रिकामं पडलं आहे. तेवढ्यात मले हे सगळं बडवून काढायचं आहे. मधीमधी चूक झाली तं समजून घ्या, मागं जाऊन खोडायले मी थांबणार नाही.

झालं काय, सकाळी सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानात उभी होती. दुकानदार एका बाईले म्हणाला, "घ्या ना, बाहेरदेशचा माल आहे." आणि मी तिथंच अशी हसली की त्या बाईनं कापड खाली ठेवलं अन् निघून गेली. दुकानदार माझ्याकडं पाहतच राहिला. त्याले कसं सांगू की मले कोठीवाले आठवले म्हणून.

त्यांचं नाव मी सांगत नाही. तसंही कोणी घेत नव्हतं. माळीबुवा त्यांले कोठीवाले म्हणे, टांगेवाला कोठीवाले म्हणे, पोस्टमनही तेच म्हणे. तोंडावर मात्र साहेब. कोठी म्हणजे सिव्हिल लाइनच्या टोकाची ती लांब व्हरांड्याची, मँगनीजच्या खाणीवाल्या एका इंग्रजानं बांधलेली. सत्तेचाळीस साली तो अन् त्याची मेम जहाजात बसून गेले, कोठी सरकारकडं आली, आणि कोठीसोबत कोठीवालेही आले. वीस वर्षं ते साहेबाचे घरचे क्लार्क होते. सरकारनं त्यांले केअरटेकर केलं अन् सांगितलं, रविवारी लोकांले कोठी दाखवत जा. इतकी वर्षं लोकांनी ती फाटकाच्या सळयांतूनच पाहिली होती.

ते दाखवत. पण असं दाखवत की पाहणाऱ्याले वाटावं, आपण इथं काही चोरायले आलो आहो.

साहेबाच्या ऑफिसच्या खोलीतून ते उलटे निघत. साहेबाले पाठ दाखवायची नाही, ही त्यांची सवय. साहेब गेला, खुर्ची राहिली. तं खुर्चीकडं तोंड करून, थोडं वाकून, मागं मागं चालत दाराबाहेर. बरं, स्वतः निघाले असते तं निघाले असते, पण ते लोकांलेही तसंच काढत. चाळीस माणसं एका दारातून उलटी निघताना पाहिली आहेत का तुम्ही? मी दर रविवारी पाहिली. कोणाचं पागोटं पडे, कोणाचं पोरगं पायाखाली येई. कामठीचे एक आजोबा एकदा दाराबाहेर बसलेल्या एका अनोळखी बाईच्या मांडीवर जाऊन बसले अन् उठायच्या ऐवजी म्हणे, "मले वाटलं इथं बसाचीच पद्धत हाय."

मी तिथं कशी गेली ते राहिलंच. कोठीतल्या सामानाची लिस्ट टाइप करायची होती, चार महिन्यांची टेम्पररी नोकरी. इंग्रजीत माझा स्पीड पंचेचाळीसचा, इन्स्टिट्यूटमध्ये पहिला नंबर. कोठीवाल्यांनी माझ्या स्पीडकडं पाहिलंही नाही. म्हणाले, "मिस, दोन ते चार टायपिंग होणार नाही. वर मेमसाहेब झोपतात."

मी म्हटलं, "साहेब, त्या तं गेल्या ना?"

"गेल्या. पण झोपायची वेळ तीच आहे."

झालं. रोज दुपारी दोन तास मी मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसायची. खाली व्हरांड्यात माळीबुवा कुदळ खाली ठेवून बिडी प्यायचा, तोही खोकला दाबून. आठ-दहा वर्षं झाली होती ती बाई विलायतेत जाऊन, अन् नागपुरात तिच्यासाठी एक म्हातारा खोकला गिळून राहिला होता.

बगीच्याचं तं विचारूच नका. त्या इंग्रजानं सपाट जमिनीवर टेकडी केली होती. तलाव खोदला होता, पण मुद्दाम वाकडातिकडा, की वाटावं आपोआप झाला. झाडं अशी लावली होती की वाटावं कोणी लावलीच नाहीत. आणि टेकडीवर एक मोडकी कमान. ती मोडली नव्हती, मोडकीच बांधली होती, नव्या विटांची. तिकडं श्रीमंत लोक आपल्या बागेत असं पडकं बांधून घेतात म्हणे, पाहून मन उदास व्हावं म्हणून. कोठीवाले छत्रीनं दाखवत, "ही टेकडी नैसर्गिक वाटते. नाही. आपल्याकडं असं नैसर्गिक कोणाला जमत नाही."

एकदा उमरेडकडचा एक कास्तकार बायकोले घेऊन आला होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं, टेकडीले एक चक्कर मारली, माती चिमटीत घेऊन पाहिली अन् विचारलं, "एवढी चांगली जागा हाय, पऱ्हाटी काहून नाही लावली?"

"हा लँडस्केप आहे," कोठीवाले म्हणाले.

"ते तं असन. पण पिकते काय याच्यात?"

"काही पिकत नाही. काही पिकू नये अशीच रचना आहे."

कास्तकारानं चिमटीतली माती खाली सोडली. मग बायकोले हळूच म्हणे, "लय मोठा मानूस होता गड्या."

आता मुद्द्यावर येते. शेवटची खोली नाचघर. तिथं सहा मोठ्या खिडक्या अन् सहा जोड्या पडदे, वरपासून जमिनीपर्यंत, मधाच्या रंगाचे, काठाले लाल दातेरी नक्षी. इथं आले की कोठीवाल्यांचा आवाज खाली यायचा, देवळात आल्यासारखा. "हे पडदे मँचेस्टरचे. विलायती रेशीम. काठावरची नक्षी पाहा. इंग्लंडच्या किल्ल्यांना वर असे कंगोरे असतात, त्यांची ही हुबेहूब नक्कल."

आता मले सांगा. समोर वीस बाया उभ्या आहेत. त्यातल्या चार-पाच जणी कोठी पाहायची म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आहेत. अन् त्या लुगड्याले करवतकाठ आहे. तेच लाल दात, तीच करवत, जी इथं पोरीच्या लग्नात दिली जाते अन् जी विणायले आमच्या कोष्टीपुऱ्यात तीन धोटे अन् दोन माणसं लागतात. बाया आपल्या पदराकडं पाहत, मग पडद्याकडं पाहत, मग एकमेकींकडं. शेवटी कोणीतरी म्हणेच, "हे तं माह्याच लुगड्यासारखं हाय."

"हात लावू नका बाई. दिसायला सारखं असतं. हे विलायतचं आहे."

मी कोष्ट्याची पोरगी. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं की हा कोसा आहे, भंडाऱ्याकडच्या जंगलातलं रेशीम. पण मले वाटलं, म्हाताऱ्याले माहीत नसन. इंग्रजाच्या घरात आयुष्य गेलं, त्याले कोसा काय अन् करवत काय. मी मनात हसायची अन् लिस्टमध्ये टाइप करायची: पडदे, सहा जोड्या, मँचेस्टर.

मग एका रविवारी मी बाबाले कोठी पाहायले घेऊन गेली.

बाबा म्हणजे माझे वडील. पंचवीस वर्षं मागावर बसले. मग मिलच्या कापडापुढं कोणी विचारीना, तेव्हा माग विकला, अन् आता इतवारीत एका दुकानात कापडाचे गठ्ठे बांधतात. बोलणं तसंही कमी होतं, माग गेला तेव्हापासून आणखी कमी झालं. पोरगी कुठं काम करून राहिली ते पाहावं म्हणून धुतलेलं धोतर नेसून आले. साहेबाच्या खोलीतून सगळ्यांसोबत उलटे निघाले. टेकडी पाहिली. नाचघरात आले, अन् तिसऱ्या खिडकीपाशी थांबले.

त्यांनी पडद्याचा काठ अंगठ्याखाली घेतला. डोळ्यांनी नाही पाहिलं, अंगठ्यानंच खाली खाली गेले.

"हात काढा," कोठीवाले तिकडून म्हणाले.

"हा पडदा माहा हाय," बाबा म्हणे.

लोक हसले. कोठीवाले हसले नाहीत. "हे विलायतचे आहेत. पुढं चला."

"थांबा ना जरा. इथं पाहा. हे सारे दात सारखे हायेत की नाही? अन् हा एक बुटका हाय." बाबांनी काठ उचलून धरला. खरंच, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक दात अर्धाच होता. "हा माह्याच हातानं चुकला. माहा बाप बसला होता इकडं, मी तिकडं. लढाई चालू होती. साहेबाचा क्लार्क रोज सायकलवर येऊन आमच्या डोक्यावर उभा राहे, आटपा, आटपा. त्याच्या घाईघाईत धोटा उलटा गेला. बाप म्हणे, उसवू. तो क्लार्क म्हणे, राहू द्या, कोण पाहते."

आता कोणी हसत नव्हतं. बाबांनी मान वर केली अन् कोठीवाल्यांकडं नीट पाहिलं. मले वाटते, तोपर्यंत त्यांच्याही डोक्यात नव्हतं.

"तुमीच होते ना गा ते? तवा टोपी घालत होते."

कोठीवाल्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "वेळ झाली," ते म्हणाले. अन् आमच्याकडं पाठ करून सरळ चालत बाहेर गेले. त्या दिवशी बाकीच्यांले तलाव दाखवला नाही.

सोमवारी मी गेली ती तणतणतच. त्यांचं पेन्सिलीले टोक करणं चालू होतं. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाले माहीत होतं."

"माहीत असणं वेगळं, मिस."

"म्हणजे?"

त्यांनी पेन्सिल उजेडात धरून पाहिली अन् सांगितलं, जसं पावसाचं सांगावं तसं. लढाईत विलायतेहून पडदे यायचे होते, जहाज आलंच नाही. गव्हर्नरसाहेब नाचाले यायचे होते. मेमसाहेबांनी यांले बोलावलं, म्हणाल्या, पडदे पाहिजेत. यांनी सायकल काढली अन् कोष्टीपुरा गाठला. दीड महिन्यात बारा पडदे. "आणि मेमसाहेबांनी सांगितलं, कोणी विचारलं तर विलायतचे म्हणून सांगायचं."

"साहेब, ते त्या एका पार्टीपुरतं सांगितलं असन ना."

"असं त्या म्हणाल्या नाहीत. कोणी विचारलं तर, असं म्हणाल्या. लोक अजून विचारतात."

"पण त्या गेल्या. राज्य गेलं."

"ऑर्डर रद्द झाली नाही," कोठीवाले म्हणाले, अन् दुसरी पेन्सिल घेतली.

मले हसावं की डोकं फोडावं समजेना. खाली येऊन माळीबुवाले सांगितलं तं तो म्हणे, "तुले काय वाटलं वं बाई? मेमनं जाताना यांले म्हटलं होतं, दिवा मालवजो. तं रोज संध्याकाळी वर जाऊन दिवा लावते अन् मालवते. लावल्याबिगर मालवता येत नाही ना."

तीन दिवस बाबा रोजच्यासारखे इतवारीत जाऊन आले. चौथ्या दिवशी भाकर मोडता मोडता म्हणे, "त्या लिस्टीत काय लिहितं वं तू?"

"ते सांगतात ते."

"हं."

एवढंच. मग भांडी घासताना आई म्हणाली, "त्याले भांडण नाही पाहिजे वं. त्याले एवढंच वाटते की कुठंतरी लिहून असावं. माग गेला, लुगडी नेसणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या. त्याच्यापाशी दाखवायले आता काहीच नाही." मी भिंतीकडं तोंड करून झोपली, पण झोप कुठली.

तेवढ्यात खबर आली की मुंबईचा साहेब येऊन राहिला. नागपूरचं राजधानीपण नुकतंच गेलं होतं, हरेक कागद मुंबईले जाई अन् तिकडून हुकूम येई. कोठी लोकांसाठी चालू ठेवायची, की बंद करून तिथं बियाण्याचं गोदाम करायचं, ते हा साहेब पाहून ठरवणार होता. बंद झाली तं माझे चार महिने तसेही संपतच होते. पण कोठीवाल्यांचं काय? स्वयंपाकघरामागची एक खोली, तेच त्यांचं घर. लग्न नाही, भाऊ नाही, गाव कुठलं तेही कधी सांगितलं नाही. त्यांच्यासाठी हे सगळंच होतं. दहा दिवस ते नुसते पळत होते. दरवाज्यांच्या कड्या घासल्या, तलावातली पानं वेचली, खुर्चीवरची धूळ रोज दोनदा. मले लिस्ट पुन्हा पहिल्यापासून टाइप करायले सांगितली, तीन कॉप्या.

आता त्यांची एक पद्धत होती. मी टाइप केलेला हरेक कागद ते फूटपट्टी ठेवून एकेक ओळ वाचत. एक अक्षर हललेलं असलं की पूर्ण पान पुन्हा. त्यांच्या नजरेतून काही सुटणं शक्य नव्हतं. पण साहेब यायच्या आदल्या दिवशी बांधकाम खात्यानं डागडुजीले एक मिस्त्री पाठवला. त्यानं टेकडीवरची मोडकी कमान पाहिली, त्याले तिची दया आली, अन् सकाळी सकाळी त्यानं ती जोडून टाकली. वीट, सिमेंट, वरून चुना. बिचाऱ्यानं मनापासून काम केलं होतं. तिच्याखालून वरात काढावी अशी झाली होती कमान.

कोठीवाले तिथं गेले अन् गवतावरच बसले. त्या गवतावर बसलेलं मी कोणालेच पाहिलं नव्हतं.

"ही मोडकी होती," ते म्हणाले.

"हो ना साहेब, म्हणून तं जोडली."

"मोडकीच पाहिजे."

"मोडली कोणं पण तिले?"

"कोणी नाही. ती मोडकी बांधली होती."

मिस्त्रीनं माळीबुवाकडं पाहिलं. माळीबुवा म्हणे, "इचारू नको गा. तोड."

"साहेब, मी पंचवीस वर्षं बांधून राहिलो. मोडकं बांधायचं मले कोणी शिकवलं नाही."

मग कोठीवाल्यांनी आतून जुना फोटो आणला. दिवसभर फोटो एका हातात, छत्री दुसऱ्या हातात, अन् मिस्त्री एकेक वीट काढून राहिला. "ती नाही, तिच्या डावीकडची. अर्धी. अर्धीच काढ." आतापर्यंत कोणी इतक्या काळजीनं काही मोडलं नसन. अंधार पडेपर्यंत ते टेकडीवर होते. अन् लिस्ट टेबलावर पडून राहिली, न वाचलेली.

माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं, मी खोटं सांगत नाही. भीती होती, थोडी मजाही होती, अन् बाबाचं ते "हं" होतं. मी ते एक पान काढलं अन् पुन्हा टाइप केलं. पडदे, सहा जोड्या, कोसा, करवतकाठी. विणलेले नागपूर, कोष्टीपुरा. विणणारे, अन् पुढं आजोबाचं नाव अन् बाबाचं नाव. इतकं हळू मी जन्मात कधी टाइप केलं नव्हतं.

मुंबईचा साहेब बारीकसा होता, बोलायले चांगला, उन्हानं लाल झालेला. त्यानं सगळं पाहिलं. खुर्चीच्या खोलीतून त्यालेही उलटं काढलं कोठीवाल्यांनी, अन् तो निघालाही, बहुतेक त्याले वाटलं आपलाच पाय घसरून राहिला. नाचघरात येऊन तो टेकला अन् म्हणाला, "कोठी सुंदर ठेवलीत तुम्ही. पण सगळंच विलायती. झुंबर विलायती, पियानो विलायती, टेकडीसुद्धा विलायती. आता अशा गोष्टी चालू ठेवा म्हणून मी वर काय लिहू? इथलं काही आहे का?"

कोठीवाले म्हणाले, "नाही सर. इथलं काहीच नाही." छाती काढून म्हणाले.

साहेबानं लिस्टची पानं उलटली. एका पानावर थांबला. "हे काय? हे पडदे नागपूरचे?" तो उठून खिडकीपाशी गेला, काठ हातात घेतला. "अरे वा. हे इथं विणलेलं असेल तर मला लिहायला काहीतरी मिळालं. इथल्या विणकरांचं काम म्हणून मी ही कोठी उघडी ठेवायला सांगू शकतो. एवढं पुरे आहे."

मी कोठीवाल्यांकडं पाहिलं. दारात उभा माळीबुवाही पाहून राहिला होता. एक 'हो' म्हणायचं होतं. खोली राहत होती, खुर्ची राहत होती, टेकडी, कमान, दोन ते चारची झोप, सगळं राहत होतं.

कोठीवाल्यांनी साहेबाच्या हातून लिस्ट घेतली. ओळ वाचली. नाव वाचलं.

"टायपिंगची चूक आहे सर," ते म्हणाले.

खिशातून फूटपट्टी काढली. लाल शाईचं पेन काढलं. पट्टी ठेवून ओळीवर एक रेघ मारली, वर मँचेस्टर लिहिलं, बाजूले सही केली. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "कार्बन कॉप्या आणा, मिस."

"चूक नाही सर," माझ्या तोंडून निघालं. "माझ्या बाबांनी विणले आहेत. यांले माहीत आहे."

साहेबानं माझ्याकडं पाहिलं, कोठीवाल्यांकडं पाहिलं. मी टेम्पररी, अन् नाव माझ्याच बापाचं. हे वीस वर्षं साहेबाघरी, अन् स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन राहिले होते, तं खोटं कशाले बोलतील? "नक्की?" त्यानं विचारलं.

"नक्की सर."

अन् तिन्ही कॉप्यांवर रेघ मारून, तिन्हीवर सही करून होईपर्यंत मुंबईच्या साहेबाले तिथं उभं ठेवलं. मग साहेब फाइल बंद करून गेला.

मी तशीच उभी राहिली. शेवटी म्हटलं, "साहेब, तुमची खोली गेली."

"माहीत आहे."

"कशासाठी पण? एका बाईनं लढाईत एकदा काहीतरी म्हटलं म्हणून?"

"ऑर्डर होती."

"मंग मी ती रद्द करते. आत्ता टाइप करते, तीन कॉप्या. की ऑर्डर रद्द झाली, यापुढं खरं सांगावं."

तुम्हाले वाटन ते चिडले. नाही. त्यांनी विचार केला. खरंच केला, हनुवटीले पट्टी लावून, खिडकीबाहेर पाहत, चांगला दोन मिनिटं. मले वाटलं, आता हो म्हणतात.

"सही कोणाची करणार?" त्यांनी विचारलं.

घड्याळात दोन वाजले, अन् त्यांनी हातानं खूण केली, हळू बोला.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. नाचघरात आता ज्वारीच्या बियाण्याचे बोरे आहेत, अन् माळीबुवा सांगून राहिला होता की उंदीर होऊ नये म्हणून मांजर पाळली आहे, ती पियानोवर झोपते. पडदे काढून बोऱ्यांवर झाकले. कोठीवाल्यांनी वाडीले एक खोली भाड्यानं घेतली, अमरावती रोडवर, ट्रकवाल्यांच्या गोदामांमागं. ते तिथून कसे निघतात, उलटे की सुलटे, मले माहीत नाही. पाहायले गेली नाही. जाणारही नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी बाबाले सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं, नाक पुसत पुसत सांगितलं. मले वाटलं होतं बाबा उठतील, कोठीवर जातील, काहीतरी करतील. बाबा बसूनच राहिले.

"खोडलं म्हणजे फाडलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. एक रेघ मारली. पट्टी ठेवून."

"बारीक की जाड?"

"बारीक."

"मंग खालचं वाचता येते?"

"येते ना."

"माहं नाव?"

"तेही येते. आजोबाचंही."

"तिन्ही कागदांवर?"

"तिन्ही."

बाबांनी पाण्याचा गिलास उचलला, अर्धा प्यायले. "अन् खाली त्यानं सही केली म्हंतं?"

"बाजूले. लाल शाईची."

"तं काहून रडून राहिली वं तू? कागद सरकारी, सही त्याची, अन् नाव आपलं. नसतं तं खोडलं असतं काय त्यानं?" मग आईकडं वळून म्हणाले, "वाढ वं, भूक लागली." अन् कितीतरी महिन्यांनी त्यांनी दुसरी भाकर मागून घेतली.

माझा राग मात्र अजून गेला नाही. आता तुम्ही सांगा. तुम्हाले भेटला आहे काय असा कोणी, ज्याले खरं काय ते पूर्ण माहीत होतं, अन् ज्यानं तुमच्या डोळ्यासमोर, शांतपणे, पट्टी ठेवून त्याच्यावर रेघ मारली? अन् भेटला असन, तं त्याचा राग येऊन राहिला तुम्हाले, की तुम्हीही माझ्यासारखेच भर दुकानात उभे राहून हसता?